भुयारी गाडीचा डबा आतून कसा असावा, आणि ते ठरवायचे कोणी?

क्वीन्सकर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी वडिलांना समुद्र दाखवायला रॉकअवेला घेऊन गेलो होतो. ते दोन महिन्यांसाठी डोंबिवलीहून आमच्याकडे न्यूयॉर्कला आले आहेत. ज्यांचे सारे नोकरीचे आयुष्य डोंबिवली ते व्हीटी या प्रवासात गेले, त्यांना कोणत्याही शहरात गेल्यावर आधी तिथली गाडी पाहायची असते. जाताना ए मार्गावर आम्हांला जुनी गाडी मिळाली. तिला इथे आर-४६ म्हणतात. हा आकडा म्हणजे तिच्या खरेदी-कंत्राटाचा क्रमांक. पुलमन कंपनीने १९७५ ते १९७८ या काळात असे ७५४ डबे बांधले. त्यांत नारिंगी आणि पिवळ्या रंगाची प्लास्टिकची आसने आहेत, काही भिंतीला समांतर आणि काही आडवी. वडील आडव्या आसनावर खिडकीशी बसले. जमैका बे ओलांडताना दोन्ही बाजूंना पाणी लागले, तेव्हा कपाळ काचेला टेकवून ते बगळे मोजत होते.

परतताना त्याच मार्गावर नवी गाडी आली, आर-२११. ती स्वच्छ होती, तिच्यात उजेड छान होता, पुढचे स्थानक दाखवणारे पडदे होते, दार उघडताना आणि मिटताना दारावरचा दिवा रंग बदलत होता. तिची सर्व आसने मात्र भिंतीला समांतर आहेत. खाडी आली तेव्हा वडिलांनी मान वळवून पाहिले, थोड्या वेळाने मान दुखू लागली तशी समोर केली, आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे रे, पण खिडकी पाठीमागे गेली. हे कोणी ठरवलं?"

हा धागा त्या प्रश्नावर आहे. मी स्वतः वस्तुरचनेच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे आसनांची मांडणी का बदलली याचे उत्तर मला देता येते. आर-४६ चा डबा ७५ फूट लांब आहे आणि अशा आठ डब्यांची गाडी होते. आर-२११ चा डबा ६० फुटांचा आणि गाडी दहा डब्यांची, म्हणजे दोन्ही गाड्यांची लांबी ६०० फूटच. डबा लांब असो वा आखूड, या दोन्हींत एका बाजूला दारे चारच आहेत. म्हणून जुन्या गाडीला एका बाजूला ३२ दारे आहेत आणि नवीला ४०. जुने दार ५० इंच रुंद, नवे ५८ इंच. गुणाकार केला तर फलाटाकडे उघडणारी एकूण रुंदी १,६०० इंचांवरून २,३२० इंचांवर जाते, म्हणजे जवळजवळ निम्म्याने वाढते. गर्दीच्या वेळी गाडी स्थानकात किती सेकंद थांबते, त्यावर तासाला किती गाड्या धावतील हे अवलंबून असते, आणि तो थांबा दारात होणाऱ्या कोंडीने वाढतो. दाराजवळ आडवे आसन ठेवले की आत शिरणारा माणूस तिथेच अडतो. वडिलांची खिडकी या हिशेबात गेली. हिशेब बरोबर आहे असे मला वाटते, तरी त्यात काय गमावले हे कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे असेही वाटते.

दुसरी बाजू पैशाची. इथल्या परिवहन प्राधिकरणाने, म्हणजे एमटीएने, जानेवारी २०१८ मध्ये कावासाकी कंपनीला ५३५ डब्यांचे सुमारे १.४ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले, आणि पुढे कंत्राटातच राखून ठेवलेल्या पर्यायी मागण्या वापरून ते वाढवत नेले. हा पैसा तिकिटाच्या गल्ल्यातून थेट येत नाही. पाच-पाच वर्षांचा भांडवली आराखडा असतो. त्यात केंद्र, राज्य व शहर यांचे अनुदान आणि प्राधिकरणाने विकलेले रोखे एकत्र येतात. ते रोखे पुढे तिकीट, पुलांवरचा टोल आणि वेगवेगळे कर यांतून फेडले जातात. जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेला मोटार नेणाऱ्याला गर्दीच्या वेळी ९ डॉलर भरावे लागतात, तेही याच भांडवली कामांसाठी. थोडक्यात, जो गाडीत बसतो तो पैसे देतो, आणि जो कधीही बसत नाही तोही देतो.

एक गोष्ट मात्र इथे झाली आणि ती मला मोलाची वाटते. कंत्राट देण्याच्या आधी, २०१७ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी, नव्या डब्याचा पूर्णाकृती नमुना ३४ वा रस्ता–हडसन यार्ड्स स्थानकात काही दिवस लोकांसाठी मांडला होता. मी दोनदा गेलो. एक आजी खांबाला धरून उभ्या राहून पाहत होत्या, एक जण सायकल आत नेऊन वळवून पाहत होता, आणि कर्मचारी लोकांचे म्हणणे टिपून घेत होते. मुंबई आणि पुण्यात आता भुयारी गाड्या धावू लागल्या आहेत. तिकडे डब्याच्या अंतर्रचनेबद्दल प्रवाशाला कोणी विचारले का? विचारायला हवे होते का? तुमचे अनुभव वाचायला आवडतील.


फलाट क्रमांक सहा

तुमच्या वडिलांचे दुःख मला समजते, परंतु मी तुमच्या हिशेबाच्या बाजूने आहे. आमच्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद आहे आणि त्यात आडवे बाक आहेत. तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो, अर्ध्या मांडीवर, पाय वाटेत सोडून. त्या चौथ्या सीटमुळे दोन बाकांमधल्या गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला दारापर्यंत पोहोचायला आधीचे स्थानक सुटल्यापासून "उतरणार का?" असे विचारत सरकावे लागते. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे, हा आकडा रेल्वेच्याच कागदपत्रांत येतो. मेट्रोची आखणी करताना चौरस मीटरला सहा माणसे हे प्रमाण धरतात. या दोन आकड्यांमधले अंतर ज्याने अंगावर झेलले आहे, त्याला खिडकीपेक्षा दार मोठे असणे जास्त महत्त्वाचे वाटते.

आरे ते कफ परेड हा ‘मेट्रो तीन’ नावाचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला, तेव्हापासून मी तो वापरतो. आसने भिंतीला समांतर आहेत आणि बाहेर बोगदा असल्यामुळे पाहण्यासारखे तसेही काही नाही. मला सर्वांत आवडते ते हे की आठही डबे आतून जोडलेले आहेत. पुढचा डबा भरला असेल तर चालत मागे जाता येते. न्यूयॉर्कमध्ये ही सोय नाही असे ऐकले, ते खरे आहे का?


क्वीन्सकर

बव्हंशी खरे आहे. आतून सलग असलेल्या आर-२११ टी गाड्या फेब्रुवारी २०२४ मध्ये सी मार्गावर सुरू झाल्या, आणि पहिल्या मागणीत असे डबे फक्त वीस होते, म्हणजे दोन गाड्या. २०२४ च्या डिसेंबरात ४३५ डब्यांची आणखी मागणी नोंदवली, तिच्यात असे ८० डबे आहेत. दिल्लीत डिसेंबर २००२ मध्ये मेट्रो सुरू झाली ती अशाच गाड्यांनी, त्यामुळे तिकडच्या वाचकांना याचे नवल वाटणार.

जुन्या ७५ फुटी डब्यांत तर डब्याच्या टोकाची दारे कुलूपबंद असतात. कारण वळणावर लांब डब्यांची टोके एकमेकांपासून इतकी बाजूला सरकतात की मधून चालणारा माणूस खाली पडू शकतो. लांब डबा घेतला तर दारे कमी लागतात, यंत्रसामग्री कमी लागते, पैसे वाचतात, असा विचार त्या काळी केला गेला. वाचलेल्या पैशाची किंमत प्रवासी पन्नास वर्षे मोजत आहेत: दारे कमी, आणि डब्यातून डब्यात जाण्याची वाट बंद.


लेखाजोखा

मी अनेक वर्षे सार्वजनिक प्रकल्पांच्या हिशेबतपासणीत काढली आहेत, म्हणून पैशाच्या अंगाने थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या बहुतेक मेट्रो प्रकल्पांचा पैसा तीन ठिकाणांहून येतो. केंद्र आणि राज्य समान भागभांडवल घालतात. जमीन आणि करांसाठी दोन्ही सरकारे बिनव्याजी दुय्यम कर्ज (इतर कर्जांनंतर फेडायचे) देतात. उरलेला, आणि बहुधा सर्वांत मोठा, वाटा परदेशी वित्तसंस्थेच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाचा असतो. मेट्रो तीनचा मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता, तो वाढत ३७,००० कोटींच्या वर गेला, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा जपानच्या जिका या संस्थेच्या कर्जाचा आहे. गाड्या मात्र फ्रेंच अल्स्टॉम कंपनीच्या आंध्रातील श्रीसिटी येथील कारखान्यात तयार झाल्या; आठ डब्यांच्या ३१ गाड्या. उपनगरातील २अ, २ब आणि ७ या मार्गांसाठी आशियाई विकास बँकेने २०१९ मध्ये ९२.६ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, त्यात सहा डब्यांच्या ६३ गाड्यांची तरतूद होती, आणि त्या गाड्या बंगळूरच्या बीईएमएलने बांधल्या.

आता यात डब्याच्या आतील रचनेचा संबंध कुठे येतो? तो निविदेत येतो. कर्ज देणारी संस्था खरेदीची पद्धत तपासते. त्या पद्धतीत तांत्रिक अटी आधी पूर्ण लिहाव्या लागतात, मग बोली लागते, आणि एकदा बोली उघडली की अट बदलणे जवळजवळ अशक्य होते, कारण ज्याने जुन्या अटींवर बोली लावली तो न्यायालयात जाऊ शकतो. मेट्रो तीनच्या गाड्यांचे कंत्राट २०१८ मध्ये दिले गेले. पहिला प्रवासी ऑक्टोबर २०२४ मध्ये चढला. आसनाची उंची, खांबांची जागा, कड्यांची संख्या, हे सारे प्रवाशाने गाडी पाहण्याच्या सहा वर्षे आधी कागदावर कायम झाले होते. गाडी रुळावर आल्यावर सूचना मागवायच्या म्हणजे वरातीमागून घोडे. तेव्हा विचारायचे असेल तर निविदेच्या मसुद्याच्या वेळीच विचारले पाहिजे, आणि त्यासाठी मसुद्याच्या वेळापत्रकातच दोन-तीन महिने राखून ठेवले पाहिजेत. आजवर मी हाताळलेल्या एकाही निविदेच्या वेळापत्रकात तशी जागा पाहिली नाही.


क्वीन्सकर

लेखाजोखा, तुमचा प्रतिसाद वाचताना मला न्यूयॉर्कचा एक जुना प्रसंग आठवला. परदेशी कर्जावर गाड्या घेणे ही विकसनशील देशांचीच रीत आहे असे आपण समजतो. ते तसे नाही.

१९७० च्या दशकात न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. देखभाल पुढे ढकलली गेली, गाड्या रुळांवर बंद पडू लागल्या आणि डबे आतून-बाहेरून रंगाच्या फवाऱ्यांनी भरून गेले. प्राधिकरणाचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड रॅविच यांनी राज्याच्या विधिमंडळाला पटवून १९८१ मध्ये रोखे विकण्याची मुभा मिळवली आणि १९८२ मध्ये पहिला पाच वर्षांचा भांडवली आराखडा सुरू झाला. त्याच वर्षी नव्या डब्यांची दोन मोठी कंत्राटे झाली. ३२५ डबे जपानच्या कावासाकीला, आणि ८२५ डबे कॅनडाच्या बोम्बार्डिएला. बोम्बार्डिएच्या डब्यांसाठी कॅनडा सरकारच्या निर्यात-वित्त संस्थेने ९.७ टक्के व्याजाने कर्ज दिले. त्या वेळी अमेरिकेत बाजारातले व्याज याहून कितीतरी चढे होते. अमेरिकेतील बड या गाड्या बांधणाऱ्या कंपनीने तक्रार केली की हे व्याज म्हणजे परकीय सरकारने दिलेली सूट आहे, आणि दोन देशांत त्यावरून वाद पेटला. डबे मात्र आले, आणि त्यांतले शेकडो अजूनही १ आणि ६ क्रमांकाच्या मार्गांवर धावतात.

त्या डब्यांत प्रत्येक माणसासाठी खोलगट वाटीसारखे स्वतंत्र आसन आहे. एकाने दुसऱ्याच्या जागेत पसरू नये हा हेतू. माझे शरीर मध्यम आहे, तरी हिवाळ्यात जाड कोट घालून त्या वाटीत बसलो की शेजारच्या वाटीचा काठ मांडीला टोचतो, आणि शेजारी थोडा धिप्पाड असेल तर मधली वाटी रिकामीच राहते. २००० च्या सुमारास आलेल्या पुढच्या पिढीच्या गाड्यांत वाट्या काढून सपाट सलग बाक आणले. त्या गाड्यांच्या अंतर्रचनेत अँटेना डिझाइन या संस्थेचे मासामिची उदागावा आणि सिगी मोस्लिंगर यांचे काम आहे. १९८२ मध्ये मापून घेतलेली वाटी आजही तशीच आहे, कारण डब्याचे आयुष्य चाळीस वर्षांचे धरतात.


रूळ आणि सिग्नल

सर्वांचे म्हणणे वाचले. मतभेद नोंदवतो. सार्वजनिक पैसा मर्यादित आहे. तो आधी सिग्नल यंत्रणेवर, रुळांवर, वायुवीजनावर आणि गाड्यांच्या संख्येवर खर्च झाला पाहिजे. दर तीन मिनिटांनी गाडी येत असेल तर माणूस दहा मिनिटे उभा राहूनही समाधानी असतो, आणि पंधरा मिनिटांनी येत असेल तर मखमली गादी दिली तरी तो चिडलेलाच असतो. आसनाचा रंग, खांबाचा आकार यांवर लोकसुनावण्या घेण्यात वर्ष गेले तर तेवढ्या काळात प्रकल्पाचा खर्च वाढतो, आणि तो वाढीव खर्च आपणच भरतो. मेट्रो तीनच्या खर्चाचा आकडा वर आलाच आहे. विलंबाची किंमत आपल्याला माहीत आहे.


मीनल_ठाणे

रूळ आणि सिग्नल, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण "रंग आणि आकार" या दोन शब्दांत तुम्ही जे गुंडाळले, त्यात माझा रोजचा प्रवास आहे, म्हणून लिहिते.

माझी उंची चार फूट अकरा इंच. मी ज्या मार्गाने जाते त्याचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका मार्गाची नाही. तिथे छताच्या दांडीला टांगलेल्या कड्या माझ्या हाताला पुरतात, पण खांदा पूर्ण वर ताणून, टाचा किंचित उचलून. डाव्या खांद्यावर पर्स, पाठीवरची बॅग पुढे घेतलेली, जेवणाचा डबा हातात. गाडीने ब्रेक लावला की सारा भार त्या ताणलेल्या हातावर येतो. खांब धरावा तर त्याला कोणीतरी पाठ टेकून उभे असते, बहुधा फोन पाहत. मागच्या महिन्यात मी एक गोष्ट केली. घरून शिवणाची टेप नेली आणि गाडी रिकामी असताना मोजले. जमिनीपासून कडीच्या खालच्या कडेपर्यंत १७३ सेंटिमीटर भरले. माझी उंची दीडशे. माझ्या आईचा, सासूबाईंचा आणि ऑफिसातल्या निम्म्या बायकांचा हात तिथे सहज पोहोचणार नाही, हे सांगायला लोकसुनावणीचे वर्ष लागत नाही. दहा बायकांना एका नमुना-डब्यात पाच मिनिटे उभे केले तरी कळते.

एका दांडीवर दोन लांबीचे पट्टे आलटून-पालटून लावले असते तर? त्याला किती खर्च येतो, हे लेखाजोखा यांनी सांगावे.


लेखाजोखा

मीनलताई, पट्ट्याच्या लांबीने कंत्राटाच्या रकमेत जाणवण्याएवढा फरक पडत नाही. संपूर्ण डब्याच्या किमतीत चाके, मोटारी, ब्रेक, वातानुकूलन, नियंत्रण यंत्रणा आणि डब्याचा सांगाडा यांचा भार मोठा असतो. पट्टे, खांब आणि बाक हा त्यामानाने लहान भाग आहे. नेमकी अडचण तीच आहे. रक्कम लहान असल्यामुळे मोठ्या बैठकीत त्यावर चर्चा होत नाही, आणि चर्चा होत नाही म्हणून मागच्या निविदेतली अट पुढच्या निविदेत तशीच उतरते. गाडी आल्यावर तेच बदलायचे म्हटले की प्रत्येक बदलाला पुन्हा मंजुरी, पुन्हा अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र आणि पुन्हा पुरवठादाराचा दर लागतो. तेव्हा मात्र खर्च खरोखर मोठा होतो.


कोथरूडकर

पुण्याची बाजू मांडतो. २०२२ च्या एप्रिलपासून मुंबई, पुणे, नागपूर या शहरांत घर घेताना मुद्रांक शुल्कात एक टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. मी त्याच वर्षी घर घेतले. ऐंशी लाखांच्या सदनिकेवर ऐंशी हजार रुपये मेट्रोसाठी दिले, तेही जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी. मला त्याचे दुःख नाही. शहराला मेट्रो हवी होती आणि कोणीतरी पैसे द्यायलाच हवे होते. याशिवाय युरोपीय गुंतवणूक बँकेचे आणि फ्रेंच विकास संस्थेचे कर्ज आहेच.

पण क्वीन्सकरांनी लिहिलेले "जो बसत नाही तोही देतो" हे वाक्य मला लागले. माझ्या सोसायटीत असे अनेक वृद्ध आहेत ज्यांनी अधिभार भरला आणि जे स्थानकात पोहोचूच शकत नाहीत, कारण घरापासून तिथे जायला धड पदपथ नाही. डब्यातील राखीव आसन किती चांगले आहे हे त्यांना कधी कळणारच नाही. तेव्हा सार्वजनिक पैशाने घडवायची अंतर्रचना दारापासून सुरू होते असे धरू नका. ती घराच्या फाटकापासून धरा.

गाड्यांबद्दल सांगायचे तर आमच्याकडे तीन डब्यांच्या ३४ गाड्यांची मागणी होती, टिटागढ कंपनीकडे, आणि डबे अॅल्युमिनियमचे आहेत. वजन कमी म्हणून वीज कमी लागते. हा निर्णय चांगला झाला असे माझे मत आहे. सायकल घेऊन चढता येते, याचा मी स्वतः लाभ घेतो.


हानकाठचा

मी गेली बारा वर्षे कोरियात रेल्वेच्या सुट्या भागांच्या उद्योगात आहे. आसनाचा प्रश्न केवळ सोयीचा नाही, हे दाखवणारी एक घटना इथे नोंदवणे आवश्यक वाटते.

१८ फेब्रुवारी २००३ रोजी देगू शहरात जुंगआंग्नो स्थानकात एका माणसाने भुयारी गाडीत ज्वलनशील द्रव ओतून पेटवला. काही मिनिटांत शेजारच्या रुळावर आलेली दुसरी गाडीही पेटली. त्या दुसऱ्या गाडीच्या चालकाने मास्टर की काढून नेल्यामुळे तिची दारे मिटली, आणि मृतांपैकी बहुतेक जण तिथेच अडकले. एकूण १९२ माणसे गेली. आग इतक्या वेगाने पसरली त्याला आतील साहित्य कारणीभूत होते: आसनांचा फोम, त्यावरचे आवरण, भिंतींचे आणि छताचे पत्रे. ते जळताना निघालेल्या विषारी धुराने माणसे गुदमरली.

त्यानंतर देशभरातील गाड्यांचे आतील साहित्य सरकारी पैशाने बदलण्यात आले. कित्येक गाड्यांत गादीच्या जागी उघडे पोलादी बाक आले. थंडीत त्यावर बसले की पहिल्या क्षणी अंगावर काटा येतो, आणि गाडी वळली की माणूस थोडा घसरतो. तरी माझ्या शेजारी बसलेल्या वयस्क कोरियन माणसांना मी त्याबद्दल कुरकुर करताना ऐकलेले नाही. रूळ आणि सिग्नल यांना सांगावेसे वाटते की डब्याचा आतला भाग सिग्नलच्या नंतर मोजायचा असा क्रम लावता येत नाही. अग्निसुरक्षेच्या दृष्टीने तोही सुरक्षा यंत्रणेचाच भाग आहे.


रूळ आणि सिग्नल

देगूचा मुद्दा मान्य. साहित्याच्या दर्जाबाबत मी माझे विधान मागे घेतो. लोकसुनावणीने होणाऱ्या विलंबाबाबत माझे मत कायम आहे.


फलाट क्रमांक सहा

मीनलताईंचे मोजमाप वाचून काल मीही माझ्या मार्गावर पाहिले. मी पाच फूट नऊ इंच, त्यामुळे मला कडी कधी उंच वाटलीच नव्हती. इतकी वर्षे मी दार आणि गर्दी एवढ्याचाच विचार करत होतो. ज्याची जळते त्यालाच कळते.

क्वीन्सकर, चाकाच्या खुर्चीबद्दल तिकडे काय स्थिती आहे? माझा भाचा ती वापरतो, आणि नवी मेट्रो त्याला लोकलपेक्षा अनेक पटींनी सोपी जाते, कारण लिफ्ट आहे आणि फलाट व डबा एका पातळीत आहेत.


क्वीन्सकर

या बाबतीत मुंबईची नवी मेट्रो न्यूयॉर्कच्या पुढे आहे, हे मला इथे राहून रोज दिसते. आर-२११ मध्ये खुर्चीसाठी जागा मोकळी व्हावी म्हणून उचलून दुमडता येणारी आसने आहेत. पण ही भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली, तिची ४७२ स्थानके आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य स्थानकांत अजून लिफ्ट नाही. २०२२ मध्ये न्यायालयीन तडजोडीत प्राधिकरणाने मान्य केले की २०५५ पर्यंत ९५ टक्के स्थानके सर्वांना वापरता येतील अशी करू. म्हणजे आज वीस वर्षांचा असलेला खुर्चीवरचा मुलगा पन्नाशीला पोहोचेल तेव्हा. मॅनहॅटनमधला मोटारींवरचा टोल जून २०२४ मध्ये सुरू होण्याच्या तोंडावर थांबवला गेला होता, तेव्हा पुढे ढकललेल्या कामांत याच लिफ्ट होत्या. कोथरूडकरांचे फाटक आणि इथली लिफ्ट यांचे दुखणे एकच आहे: डबा एका खात्याच्या पैशाने येतो, वाट दुसऱ्याच्या.

रूळ आणि सिग्नल यांच्या विलंबाच्या मुद्द्याला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. हडसन यार्ड्सला नमुना मांडला त्याने कंत्राट वर्षभर रेंगाळले नाही. तो काही दिवसांचा कार्यक्रम होता आणि दोन महिन्यांच्या आत कंत्राट झाले. उलट, न विचारता घेतलेल्या निर्णयाचे आयुष्य बघा. बड कंपनीचे आर-३२ हे पोलादी डबे १९६४ मध्ये आले आणि जानेवारी २०२२ मध्ये निवृत्त झाले. सत्तावन्न वर्षांहून जास्त. त्यांत वातानुकूलन मागाहून, १९८० च्या दशकाच्या अखेरीस बसवावे लागले. अमेरिकेत १९९८ पासून मोठ्या शहरांना चालू खर्चासाठी केंद्राचा पैसा एरवी जवळपास मिळत नाही, भांडवली खर्चासाठीच मिळतो. त्यामुळे गाडी घेताना केंद्र सोबत असते, आणि पुढे ती रोज चालवण्याच्या खर्चात शहर बहुतांशी एकटे असते. म्हणून खरेदीच्या आधीचे चार आठवडे मला महाग वाटत नाहीत.

आता पुढची खरेदी आर-२६२ या क्रमांकाची आहे. मी वर लिहिलेले वाटीसारख्या आसनांचे डबे तिने बदलले जातील. प्राधिकरणाच्या मंडळाच्या बैठकीत कोणाही नागरिकाला नाव नोंदवून दोन मिनिटे बोलता येते. मी यापूर्वी एकदाच बोललो आहे, या वेळी पुन्हा नाव देणार आहे. दोन मिनिटांत तीनच गोष्टी मावतील. मीनलताई, तुमची परवानगी असेल तर पहिली गोष्ट तुमची घेतो: एकाच दांडीवर दोन लांबीचे पट्टे, आणि नमुना डब्यात उभे राहायला बोलावताना कमी उंचीच्या माणसांना मुद्दाम बोलावणे. दुसरी, नमुना मांडायचा तो लिफ्ट असलेल्या स्थानकात. तिसरी वडिलांनी सांगितली आहे. नव्या डब्याच्या अगदी टोकाला, जिथे दार नाही आणि गर्दीही कमी पोहोचते, तिथे खिडकीकडे तोंड करून बसता येईल असे एक आडवे आसन ठेवता येते का, एवढे विचारायचे आहे.


मीनल_ठाणे

परवानगी आहेच. १७३ हा आकडा जरूर सांगा, आणि तो टेपने मोजलेला आहे हेही सांगा. तुमच्या बैठकीच्या आधी इथल्या आणखी दोन मार्गांवर मोजून आकडे याच धाग्यावर टाकते.